इनटेक निवडण्यापूर्वी: सेन्सरपाशी नळीचा आतला व्यास मोजावा

चार वर्षांपूर्वी मी माझ्या २०१३ च्या सुबारू बीआरझेडला बाहेरच्या कंपनीचा एअर इनटेक (इंजिनात हवा नेणारा फिल्टर, पेटी व नळीचा संच) बसवला आणि पाच आठवड्यांनी तो काढून कारखान्याची मूळ पेटी परत बसवली. त्या पाच आठवड्यांत चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी चढावर पूर्वीपेक्षा मंद झाली, आणि भर उन्हात तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की इंजिनातून डब्यात खडे हलावेत तसा आवाज येऊ लागला. चूक एकच होती. ज्या नळीत हवा मोजणारा सेन्सर बसतो, त्या नळीचा आतला व्यास मी मोजला नव्हता. आता कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या याच घरासमोर उभ्या असलेल्या याच गाडीसाठी मी पुन्हा इनटेक निवडतो आहे आणि या वेळी काय काय पाहायचे ते क्रमाने लिहून ठेवतो आहे. तुमची गाडी वेगळी असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

गाडीचे वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्याशी भाग जुळतो की नाही हे पाहावे; यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

पहिला खरा प्रश्न असा की, मूळ पेटी हवेला नेमकी किती अडवते. दोन लिटरचे हे इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १४० ग्रॅम हवा ओढते, आणि ती हवा फिल्टर, पेटी व नळी यांतून जाताना तिचा दाब थोडा घटतो. हा घटलेला दाब पाण्याच्या इंचांत मोजतात. चार इंच पाणी म्हणजे जवळपास एक किलोपास्कल, आणि वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असल्याने तो होतो साधारण एक टक्का. २०० अश्वशक्तीच्या टर्बो नसलेल्या इंजिनावर एक टक्का म्हणजे दोन अश्वशक्ती. जाहिरातीत पंधरा-वीस अश्वशक्तींचा आकडा दिसला, तर तेवढी अडवणूक मूळ पेटीत आहे तरी का, हे आधी विचारावे. पहिल्या पिढीच्या बीआरझेडमध्ये साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास टॉर्कमध्ये (इंजिनच्या पिळाच्या जोरात) जी ठळक दरी पडते, ती केवळ इनटेक बदलून भरत नाही. तसे आश्वासन कोणी दिले तर त्याच्याकडून घेऊ नये. टर्बो इंजिनाचे गणित वेगळे आहे. तेथे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आधी वाचवलेला दाब कॉम्प्रेसरमधून गुणाकाराने पुढे जातो, त्यामुळे चांगल्या इनटेकचा लाभ अधिक दिसतो. मूळ पेटीतला कागदी फिल्टर मळलेला असेल तर आधी नवा घालून महिनाभर गाडी चालवावी. पुष्कळ वेळा जी सुधारणा हवी असते ती एवढ्यातच मिळते.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी सविस्तर सांगणार आहे. या गाडीत फिल्टरनंतर लगेच मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातला बारीक तापता घटक आसपासच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवला जातो. वाहती हवा त्याला थंड करते, आणि त्याला गरम ठेवण्यासाठी किती वीज लागली यावरून इंजिनचा संगणक हवेचे वस्तुमान ठरवतो. येथे नीट लक्ष द्यावे, कारण मी ते दिले नव्हते. सेन्सर संपूर्ण नळीतली हवा मोजत नाही. तो आपल्या अंगावरून जाणाऱ्या थोड्याशा हवेचा वेग जाणतो, आणि 'या वेगाला एकूण इतके ग्रॅम' असा तक्ता संगणकात कारखान्याने भरलेला असतो. तो तक्ता मूळ नळीच्या व्यासासाठी तयार केलेला असतो. नळी रुंद केली की तेवढीच हवा अधिक जागेतून सावकाश जाते, सेन्सर कमी आकडा सांगतो, संगणक कमी पेट्रोल सोडतो आणि मिश्रण विरळ होते.

व्यासातला फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढते. ६५ मिलिमीटरच्या जागी ७० मिलिमीटर आले तर वाढ पाच मिलिमीटरची दिसते. क्षेत्रफळ मात्र १६ टक्क्यांनी वाढलेले असते. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सरच्या साहाय्याने संगणक ही चूक ओळखतो आणि पेट्रोल वाढवत नेतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. माझा दीर्घकालीन ट्रिम पूर्वी उणे दोन ते अधिक तीन टक्क्यांच्या मध्ये असे, तो अधिक पंधरा टक्क्यांच्या वर गेला, आणि शेवटी 'मिश्रण विरळ' सांगणारा पी०१७१ हा कोड आला. पूर्ण थ्रॉटलवर (हवेची झडप पूर्ण उघडी असताना) परिस्थिती अधिक वाईट असते, कारण तेव्हा संगणक ऑक्सिजन सेन्सरकडे न पाहता मुख्यतः तक्त्यावर विसंबतो. १२.५ ला १ एवढे कॉम्प्रेशन, कॅलिफोर्नियाच्या पंपावर मिळणारे ९१ ऑक्टेनचे पेट्रोल आणि वर विरळ मिश्रण, असे तीन एकत्र आले की नॉक होणारच, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून तो खडे हलल्यासारखा आवाज येणारच. नॉक ऐकू आला की संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि शक्ती घटते. मी पैसे मोजून गाडी मंद केली होती, आणि इंजिन वाचले ते मी ती पूर्ण जोराने फारशी पळवली नव्हती म्हणून.

म्हणून पैसे देण्यापूर्वी व्यास मोजावा. मूळ पेटीवर ज्या गोल तोंडात सेन्सर बसतो, ते व्हर्नियर कॅलिपरने आतून मोजावे, दोन दिशांनी मोजावे आणि आकडा वहीत लिहावा. विक्रेत्याकडून त्याच जागेचा आतला व्यास लेखी मागवावा. 'तीन इंची पाइप' हे उत्तर स्वीकारू नये. तो बहुधा बाहेरचा व्यास असतो, आणि ७६ मिलिमीटरच्या नळीची भिंत तीन मिलिमीटर जाड असेल तर आत ७०च उरतात. 'सर्व गाड्यांना बसतो' हेही उत्तर नव्हे, मला हेच सांगितले गेले होते. भाग हातात आल्यावर, गाडीतला एकही स्क्रू सैल करण्यापूर्वी, तोच व्यास पुन्हा मोजावा. व्यास जुळला तरी दोन गोष्टी उरतात. सेन्सर नळीत तेवढ्याच खोलीवर आणि त्याच कोनात बसला पाहिजे, आणि त्याच्या अगदी आधी तीव्र वळण नसावे, कारण वळणानंतर हवा एका कडेला ढकलली जाते आणि आकडा उगाच नाचतो. मूळ पेटीत प्रवाह सरळ करणारी जाळी असेल तर नव्या भागातही तशी सोय आहे का ते पाहावे. ज्या गाड्यांत हा सेन्सरच नसतो आणि हवेचा हिशेब दाब व तापमानावरून केला जातो, त्यांच्या मालकांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. इतरांनी व्यास मोजावा.

यावर कोणी म्हणेल की रुंद नळी घ्यावी आणि संगणकातला तक्ता तिच्यासाठी नव्याने ट्यून करून (बदलून) घ्यावा. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, आणि रेसट्रॅकपुरत्या गाडीसाठी तोच मार्ग आहे. कॅलिफोर्नियात रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मात्र तो सहसा मोकळा नाही. येथील वाहन संहितेच्या कलम २७१५६ प्रमाणे प्रदूषण नियंत्रणावर परिणाम करणारा बदल करता येत नाही. अपवाद आहे तो कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक दिलेल्या भागांचा. हा क्रमांक 'डी' या अक्षराने सुरू होतो आणि तो विशिष्ट मॉडेलला व विशिष्ट वर्षांना दिलेला असतो. त्यामुळे आदेशाची प्रत काढून तीत आपले वर्ष आहे की नाही ते स्वतः वाचावे. दर दोन वर्षांच्या सरकारी प्रदूषण तपासणीत, म्हणजे स्मॉग चेकमध्ये, तपासनीस इंजिनचा कप्पा डोळ्यांनी पाहतो आणि तो क्रमांक शोधतो. शिवाय जुलै २०२१ पासून या तपासणीत संगणकातले सॉफ्टवेअर बदललेले आहे का हेही पाहिले जाते. ते बदललेले असेल आणि त्यालाही स्वतःचा आदेश नसेल, तर गाडी नापास होते. रुंद नळी ट्यूनशिवाय चालत नाही आणि ट्यून स्मॉग चेकमध्ये अडकतो. उरतो तो मूळ व्यासाचा इनटेक, आणि पुन्हा कॅलिपर हातात घ्यावाच लागतो. क्रमांकाचा स्टिकर भागासोबत आला का ते पाहून तो दिसेल अशा जागी चिकटवावा. माझ्या पहिल्या इनटेकला असा क्रमांकच नव्हता, हे मला चूक उमगल्यानंतर कळले.

उष्णतेकडे अनेक जण दुर्लक्ष करतात. बॉनेटखाली उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर आवाज छान करतो, परंतु तो रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. हवेचे तापमान ३० अंशांवरून ६० अंश सेल्सियस झाले तर तिची घनता नऊ टक्क्यांनी घटते. दाबात वाचवलेला एक टक्का त्यात कधीच वाहून जातो. वेगात धावताना हा फरक कमी होतो हे खरे, पण सिग्नलवर आणि वाहतुकीच्या कोंडीत तो पूर्ण जाणवतो. म्हणून बंद पेटीचा इनटेक घ्यावा, जिचे झाकण बॉनेटशी किंवा स्वतःच्या रबरी कडेशी घट्ट बसते आणि जी मूळ गाडीसारखीच समोरच्या ग्रिलमागची थंड हवा घेते. डायनोचा (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख दाखवला गेला तर चाचणीच्या वेळी बॉनेट उघडे होते का, पुढे मोठा पंखा होता का, आणि आधीची व नंतरची धाव एकाच यंत्रावर एकाच दिवशी झाली का, हे विचारावे. उघड्या बॉनेटचा आलेख उघड्या फिल्टरच्या बाजूने झुकतो.

फिल्टर कोरडा सिंथेटिक घ्यावा, असे माझे मत आहे. तेल लावलेला सुती फिल्टर वाईट नसतो. पण धुतल्यानंतर तेल जास्त झाले तर ते उडून त्याच सेन्सरच्या घटकावर बसते आणि पुन्हा चुकीचा आकडा सुरू होतो. येथे वणव्यांच्या दिवसांत हवेत राख असते, तेव्हा धूळ नीट अडवणे हे हवा भरभर आत घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पाणी. फिल्टर खाली बंपरमागे किंवा चाकाच्या कमानीत उतरवणारे इनटेक सर्वांत थंड हवा देतात, आणि साचलेल्या पाण्यातून गेल्यास पाणीही ओढतात. पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये ते पुरेसे गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाते. आमच्याकडे हिवाळ्यातल्या मोठ्या पावसात फ्रीवेच्या उतारांवर पाणी साचते. मुंबई-पुण्यात जुलैमध्ये काय होते ते तेथील वाचकांना सांगायला नको. त्यांनी खाली उतरणारा इनटेक घेऊच नये.

वॉरंटी शिल्लक असेल तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा ठाऊक असावा: बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने संपूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळे झाला असावा लागतो. चुकीच्या व्यासाच्या नळीने इंजिन नॉक होऊन बिघडले, तर मात्र तो बिघाड त्या भागामुळेच झालेला असतो.

बसवण्यापूर्वी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे उपकरण) लावून मूळ पेटीसह नोंदी घ्याव्यात. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) आणि ताशी ६५ मैलांच्या एकसारख्या वेगात अल्पकालीन व दीर्घकालीन ट्रिम, इनटेकचे तापमान आणि सेन्सरचा ग्रॅम प्रति सेकंद हा आकडा लिहावा. या नोंदी नसतील तर नंतर तुलना कशाशी करणार? गेल्या वेळी जुने आकडे केवळ योगायोगाने माझ्या फोनमध्ये राहिले होते.

बसवताना इंजिन थंड असावे. सेन्सर काढताना घटकाला बोट लावू नये. सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीला क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या कोठडीच्या) वाफेची होज जोडलेली असते. ती नीट बसवावी, कारण सेन्सरनंतर शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि मिश्रण पुन्हा विरळ होते. बीआरझेडमध्ये आवाज केबिनकडे नेणारी एक वेगळी नळीही याच नळीतून निघते. नव्या भागात तिच्यासाठी जागा नसेल तर तिचे तोंड टोपीने बंद करावे. क्लॅम्प घट्ट, पण नळी चेपेल इतके नव्हे.

नंतर शंभर मैल शांतपणे चालवून पुन्हा नोंदी घ्याव्यात. दीर्घकालीन ट्रिम पूर्वीच्या आकड्यापासून चार-पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. त्याहून पुढे गेला तर गळती शोधावी, ती नसेल तर व्यास पुन्हा मोजावा, आणि तोवर पूर्ण थ्रॉटल देऊ नये. मूळ पेटी, तिचे स्क्रू आणि रबरी कडा खोक्यात घालून माळ्यावर ठेवाव्यात. खोक्यावर तिच्या तोंडाचा मिलिमीटरमधला व्यास लिहावा.