शहरातले डास मोजून साथीची चाहूल कशी घ्यावी

डेंग्यूचे रुग्ण वाढले की सगळी यंत्रणा डासांच्या मागे धावते. तोवर बराच उशीर झालेला असतो. मी कीटक-सर्वेक्षणाचं काम करते आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या वारी, न चुकता मोजलेल्या अंड्यांवर. महागडं उपकरण नसलं तरी चालतं, पण नोंदीत खंड पडलेला चालत नाही.

आधी डास कोणता ते ठरवा. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी दिवसा चावते आणि माणसांच्या घरांभोवतीच वावरते. वेस्ट नाइल विषाणू नेणारा क्युलेक्स रात्रीचा, सांडपाण्यात वाढणारा. तो विषाणू मुळात पक्ष्यांमध्ये फिरतो. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये माणसं आजारी पडत होती त्याच सुमाराला कावळेही मोठ्या संख्येनं मरत होते. क्युलेक्ससाठी सापळे वेगळे लागतात. इथे मुख्यतः एडिसबद्दल सांगते.

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर खरखरीत पृष्ठभागावर ती चिकटवते. ओव्हिट्रॅप, म्हणजे अंडी गोळा करायचा सापळा, याच सवयीवर बेतलेला आहे. अर्धा-पाऊण लिटरचं काळं भांडं घ्या, निम्मं पाणी भरा आणि आत खरखरीत लाकडाची पट्टी किंवा जाड टिपकागद अर्धा बुडेल असा लावा. भांड्याच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या थोडं वर, एक भोक पाडायला विसरू नका. नाहीतर जोराच्या पावसात पाणी चढतं आणि पट्टी बुडून जाते. सापळा सावलीत, जमिनीलगत, झाडाझुडपांच्या आडोशाला, मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत असा ठेवा. त्यावर क्रमांक लिहा आणि घरातल्यांना तो कशासाठी आहे ते नीट समजावून सांगा. जे समजावत नाहीत त्यांचे सापळे हमखास गायब होतात.

जागा निवडताना सोयीची घरं घेऊ नका. नकाशावर चौकोन आखा आणि दाट वस्ती, बंगल्यांचा भाग, शाळा, बांधकामाच्या जागा असं सगळं त्यात येऊ द्या. एकदा ठरलेली जागा बदलायची नाही.

पट्टी दर आठवड्याला बदलायचीच. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. सापळा त्याहून जास्त दिवस तसाच राहिला तर आपणच डास पाळले म्हणायचे. काढलेली पट्टी दोनेक दिवस दमट राहू द्या, मग वाळवून भिंगाखाली धरा. अंडी काळी, चकचकीत, लांबट आणि मिलिमीटरपेक्षा लहान दिसतात. अगदी ताजी अंडी पांढरी असतात आणि काही तासांत काळी पडतात. टोकाचं झाकण उडालेली म्हणजे फुटलेली अंडी, तीही मोजायची. नुसत्या अंड्यांवरून एडिस इजिप्ती की एडिस अल्बोपिक्टस हे सांगणं अवघड असतं, म्हणून काही पट्ट्या पाण्यात घालून डास तयार होऊ द्या. इजिप्तीच्या पाठीवर वीणेसारखी पांढरी नक्षी असते, अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ.

आता नोंद. शून्य अंडी आली तर शून्य लिहा. सापळा सांडला, सुकला किंवा हरवला तर तसं लिहा; तिथे शून्य लिहायचं नाही. समजा ४० सापळे लावले, त्यातले ५ बाद झाले आणि उरलेल्या ३५ पैकी १४ मध्ये अंडी मिळाली. प्रमाण ४० टक्के आलं. ४० नं भागलं असतं तर ३५ टक्के दिसलं असतं, आणि ज्या आठवड्यात जास्त सापळे हरवले तो आठवडा उगाच सुरक्षित वाटला असता. याखेरीज अंडी असलेल्या सापळ्यामागे सरासरी किती अंडी, हाही आकडा काढा.

घरोघरच्या अळी-सर्वेक्षणातला हाउस इंडेक्स (शंभरपैकी किती घरांत अळ्या सापडल्या) आणि ब्रेटो इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्या असलेली किती भांडी) सोडून देऊ नका, पण त्यांवर विसंबूही नका. सिंगापूरनं हाउस इंडेक्स वर्षानुवर्षं एक-दोन टक्क्यांच्या आसपास ठेवला, तरी १९९० च्या दशकापासून तिथे डेंग्यू पुन्हा वाढला. पुढे त्यांनी अंडी घालायला आलेल्या माद्याच पकडणारे ग्रॅव्हिट्रॅप हजारोंनी बसवले. हाती अशा माद्या आल्या तर त्यांचे ५० पर्यंतचे गट करून आरटी-पीसीआरनं विषाणू तपासता येतो. २००० माद्यांमध्ये ४ गट बाधित निघाले, तर प्रत्येक बाधित गटात निदान एक बाधित मादी धरून किमान संसर्गदर हजारी २. मात्र माद्या पकडल्यापासून थंड ठेवायला हव्यात.

अंदाज बांधताना काळाचा हिशेब असा घालावा: अंड्यापासून डास ७ ते १० दिवस, रुग्णाला चावलेली मादी विषाणू पुढे द्यायला तयार होईपर्यंत २५ ते २८ अंश सेल्सिअसला ८ ते १२ दिवस, आणि माणसात लक्षणं दिसायला ४ ते १० दिवस. म्हणजे अंडी वाढल्यावर हाती जेमतेम तीन ते पाच आठवडे येतात. अंडी घालून गेलेल्या माद्या तर आधीपासूनच चावत असतात, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. आकडा मोठा की लहान हे दुसऱ्या शहराशी ताडून ठरवू नका. त्याच वस्तीच्या मागच्या वर्षांतल्या त्याच आठवड्याशी ताडा. सोबत पाऊस, तापमान आणि तापाच्या रुग्णांची नोंद ठेवा. डास भरपूर पण विषाणूच फिरत नाही, किंवा लोकांत विषाणूच्या त्या प्रकाराविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे, असंही असतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत; कोणता फिरतोय हे प्रयोगशाळेकडून दर महिन्याला विचारून घ्या. प्रकार बदलला आणि त्याच सुमारास अंडीही चढली, तर मी कुणाच्या परवानगीची वाट न बघता त्याच दिवशी इशारा लिहून पाठवते.

इशाऱ्यानंतर काम सुरू झालं तरी सापळे काढू नका. फवारणीनं उडते डास मरतात. कोरड्या भिंतीला चिकटलेली अंडी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पुढच्या फेरीत टाकी रिकामी केली का एवढंच विचारू नका. तिचा काठ आतून घासला का तेही बघा, आणि मगच त्या घरापुढे खूण करा.