गणिती फंक्शनचे एरर मेसेज लिहिताना या चुका टाळा

पायथनमध्ये ऋण संख्येचं वर्गमूळ काढा किंवा शून्याचा लॉग, वर्षानुवर्षं एकच ओरड ऐकू यायची: ‘मॅथ डोमेन एरर’. कोणता आकडा खटकला, काय चाललं असतं, पत्ता नाही. ३.१४ आवृत्तीत हे सुधारलं. आता वर्गमूळ सांगतं की ऋण नसलेली संख्या हवी होती, मिळाली -१.०. तरीही नवी मंडळी ‘इनव्हॅलिड इनपुट’ लिहून मोकळी होतात.

आकडा छापा, पण गोल करून नको. ही चूक मीच केली आहे. दोन व्हेक्टरमधला कोन काढणारं फंक्शन लिहिलं होतं. मेसेज शहाण्यासारखा: ‘कोसाइन -१ ते १ मध्ये हवा, मिळाला १.००’. एकाने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, “मग १ चालत नाही का?” तुलनेत बरोबरचं चिन्ह राहिलं असेल म्हणून मी अर्धा दिवस कोड उकरत बसलो. खरी किंमत निघाली १.०००००००००००००००२. फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे संगणकाच्या दशांश हिशेबातल्या बारीक चुकीचा, नेहमीचा कचरा, आणि तो झाकला होता मी, मेसेज नीटनेटका दिसावा म्हणून. तेव्हापासून संख्या आहे तशी छापतो. डबलला, म्हणजे ६४ बिटांच्या दशांश संख्येला, १७ सार्थ अंक पुरतात. एवढासा फरक फंक्शननेच १ वर आणावा. पण सरसकट सगळंच १ वर आणून बसवणाऱ्यांचा मला राग येतो. १.३ आला तर व्हेक्टर नॉर्मलाइज करायचे, म्हणजे त्यांची लांबी १ करायची, राहिलेत, आणि ते कळायलाच हवं.

दोन मॅट्रिक्सचे आकार जुळत नसतील तर दोन्ही आकार सांगा. हजार मॅट्रिक्स एकदम घेत असाल तर नुसतं ‘सिंग्युलर’ (म्हणजे व्यस्त निघत नाही) नको, कितवा तेही लिहा.

आतला एरर जसाच्या तसा वर फेकू नका. एकाच किमतीचं नमुना प्रमाण विचलन मागणाऱ्याला ‘शून्याने भागाकार’ दिसला, तर त्याने काय समजायचं? त्याने कुठे भागलं होतं? ‘किमान दोन किमती हव्यात, मिळाली एक’ म्हणा.

एरर गिळून गुपचूप नॅन (‘नॉट अ नंबर’, संख्या नसलेली खास किंमत) परत देणं हा तर शुद्ध आळस. तो नॅन दहा फंक्शन पुढे जाऊन फुटतो. शिवाय ‘शून्यापेक्षा लहान आहे का’ ही तपासणी नॅन आरामात चुकवतो, कारण त्याच्याशी केलेली अशी प्रत्येक तुलना खोटीच ठरते. म्हणून मी अट उलटी लिहितो: संख्या शून्य किंवा त्याहून मोठी नसेल तर एरर.

शेवटी ऋण, शून्य, अनंत आणि नॅन देऊन बघतो, आणि मेसेज दुसऱ्या दिवशी, कोड न उघडता वाचतो.