इंग्लंडच्या शेतात डिटेक्टर घेऊन उतरण्यापूर्वी

जमिनीतली जुनी नाणी आणि वस्तू शोधण्याच्या छंदासाठी डिटेक्टर कोणता घ्यावा, हा प्रश्न इंग्लंडमध्ये नव्याने आलेली मंडळी मला सर्वांत आधी विचारतात आणि मी त्याचे उत्तर मुद्दाम शेवटी देतो. मेटल डिटेक्टर विकत घेण्यासाठी इथे कोणताही परवाना लागत नाही. तो इस्त्री किंवा मिक्सर आणावा तसा घरी आणता येतो आणि म्हणूनच तो कुठेही चालवता येतो असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या देशातल्या जमिनीला कोणी ना कोणी मालक असतोच आणि त्याच्या परवानगीवाचून तिथे यंत्र फिरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. शेतातून जाणारी सार्वजनिक पायवाट फक्त चालण्यासाठी असते. बाग सर्वांसाठी खुली असली तरी तिची मालकी कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेकडे असते. सरे परगण्यातील एका सार्वजनिक बागेत डिटेक्टरने सापडलेल्या मध्ययुगीन सोन्याच्या ब्रोचवरून खटला झाला, तेव्हा १९९५ साली अपील न्यायालयाने ती ब्रोच शोधणाऱ्याची नसून जमिनीची मालक असलेल्या कौन्सिलची आहे असा निर्णय दिला. जमिनीत रुतलेली वस्तू जमिनीच्या मालकाची, हे तत्त्व पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवलेले बरे.

परवानगी मागणे हाच या छंदातला सर्वांत अवघड भाग आहे आणि आपल्या लोकांना तो अधिकच अवघड वाटतो. उच्चार वेगळे, चेहरा अनोळखी आणि मागायचे काय, तर दुसऱ्याचे शेत खणायला द्या! मी सुरुवातीला नीट छापलेली पत्रे पाठवली होती. त्यांतल्या एकाचेही उत्तर आले नाही. शेवटी एका पावसाळी सकाळी मी सरळ एका शेतघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या शेतकऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, तर आधी माझ्या बुटांकडे पाहिले. ते चिखलाचे, म्हणजे कामाचे होते. नंतर त्याने तीनच गोष्टी विचारल्या : विमा आहे का, फाटक उघडे दिसले तर काय कराल आणि खड्डे बुजवता का. फाटक जसे दिसेल तसेच ठेवायचे, हे उत्तर मला सुदैवाने ठाऊक होते. विमाही होता, कारण नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या संघटनेचे सदस्यत्व घेतले की सार्वजनिक दायित्वाचा विमा त्यासोबत मिळतो. हे सदस्यत्व यंत्राच्याही आधी घ्यावे, असे माझे मत आहे.

परवानगी मिळाली की ती लेखी घ्यावी आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी होईल हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. निम्मे-निम्मे ही इथली सर्वसाधारण रीत आहे, पण ती केवळ रीत आहे. कागद नसेल तर गुप्तधनाच्या व्याख्येत न बसणाऱ्या साध्या वस्तूंवरही मालकाचाच हक्क राहतो. पिकांचे वेळापत्रकही त्याच्याकडूनच समजून घ्यावे. कापणी झाल्यापासून नवे पीक वर येईपर्यंतचा काळ आपला, एरवी शेतात पाऊल टाकायचे नाही. काही शेते पर्यावरण-अनुदानाच्या योजनेत असतात आणि त्या करारात डिटेक्टरवर निर्बंध असू शकतात. हे विचारण्याचे काम शेतकऱ्यावर न सोडता आपण विचारावे.

काही जागा मात्र मालकाने हो म्हटले तरी वर्ज्य आहेत. १९७९ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित स्थळी लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो. अशा स्थळांची यादी नकाशासह इंटरनेटवर खुली आहे; नव्या शेतावर जाण्याच्या आदल्या रात्री ती पाहण्याची सवय लावावी, कारण वरून नुसते कुरण दिसणाऱ्या जागेखाली रोमन वाडा असू शकतो. ऐतिहासिक वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या जमिनीवर सर्वसाधारणपणे परवानगी मिळत नाही. समुद्रकिनाऱ्यांपैकी क्राउन इस्टेटच्या, म्हणजे राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या मालकीच्या भागात छंद म्हणून शोध घेण्यास मुभा आहे, परंतु सगळे किनारे तिच्या मालकीचे नाहीत. लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काठावर तर नुसत्या डोळ्यांनी शोधायचे असले तरी पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो.

आता मूळ विषयाकडे. गुप्तधन म्हटले की आपल्याला हंड्यावर वेटोळे घालून बसलेला नाग आणि ते धन दिसणारा पायाळू माणूस आठवतो. इथे नागाच्या जागी कोरोनर, म्हणजे अशा धनाची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी, बसलेला असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट लागू आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि वजनाच्या किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू गुप्तधन ठरते. नाण्यांचा नियम वेगळा आहे : इतक्याच जुन्या सोन्या-चांदीच्या नाण्यांपैकी एकाच ठिकाणी किमान २ आणि तांब्या-कांशाच्या नाण्यांपैकी किमान १० मिळावी लागतात. प्रागैतिहासिक काळातल्या साध्या धातूच्या दोन वस्तू एकत्र मिळाल्या तरी त्या गुप्तधनच. जुलै २०२३ पासून आणखी एक वर्ग जोडला गेला असून २०० वर्षांहून जुनी, अंशतः तरी धातूची आणि ऐतिहासिकदृष्ट्या अपवादात्मक महत्त्वाची वस्तू, धातू कोणताही असो, त्यात येते. अशी वस्तू सापडल्यापासून, किंवा ती गुप्तधन असावी हे लक्षात आल्यापासून, १४ दिवसांत कोरोनरला कळवणे बंधनकारक आहे. संग्रहालयाला ती हवी असेल तर बाजारभावाने मूल्यांकन होते आणि ती रक्कम सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. कोणत्याच संग्रहालयाला ती नको असेल तर ती परत मिळते.

प्रामाणिकपणा या छंदात तोट्याचा नाही, हे दाखवणारी दोन उदाहरणे मी नेहमी सोबत सांगतो. १९९२ साली सफोकमधल्या हॉक्सन गावी एक गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होता. हातोड्याऐवजी रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी वर येऊ लागली, तेव्हा त्याने खणणे थांबवले आणि कळवले. पुरातत्त्वज्ञांना बहुतेक साठा जागेवर, मूळ रचनेत मिळाला. सुमारे १५,००० नाणी, चमचे, दागिने. त्याचे मूल्यांकन १७.५ लाख पौंड झाले आणि हातोडासुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचला. याउलट २०१५ साली लेमिन्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला आणि त्यांनी तो लपवून विकायला काढला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला, एकाला १० वर्षांचा आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांचा. पुढे अपिलात शिक्षा कमी झाली, पण साठ्यातली बहुतेक नाणी कायमची विखुरली. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला फौजदारी शिक्षेचा अर्थ काय होतो, हे मी वेगळे सांगायला नको.

गुप्तधनात न बसणाऱ्या वस्तू कळवण्याची सक्ती नाही, तरीही त्या कळवाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही ब्रिटिश म्युझियमकडून चालवली जाणारी योजना असून तिचे अधिकारी ठिकठिकाणी असतात. ते वस्तू तपासतात, तिचे छायाचित्र काढतात, नोंद करतात आणि ती परत देतात. मला मिळालेले पहिले चांगले नाणे इंग्लंडचा मध्ययुगीन राजा पहिला एडवर्ड याच्या काळातली चांदीची पेनी होती. अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, पापडासारखी पातळ चकती. एका बाजूला समोर पाहणारा मुकुटधारी राजा, दुसऱ्या बाजूला कडेपर्यंत पोहोचलेला क्रॉस आणि त्याच्या प्रत्येक कोनात तीन-तीन टिंबे. मी उत्साहाच्या भरात ती अंगठ्याने चोळली आणि ओल्या मातीतल्या बारीक वाळूने राजाच्या गालावर कायमचे ओरखडे उमटवले. तेवढ्यावर भागले नाही. अधिकारी बाईंनी कुठे सापडली असे विचारले, तेव्हा "शेताच्या वरच्या कोपऱ्यात" याहून नेमके उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्यांना हवा होता आठ आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे दहा मीटरपर्यंत अचूक जागा. तो फोनवर दोन सेकंदांत मिळतो. तेव्हापासून सिग्नल खणला की आधी संदर्भ, मग छायाचित्र आणि शेवटी लहान पिशवी, असा क्रम मी ठेवला आहे आणि नाणे घासत नाही, पुसतही नाही. नांगराच्या थराखाली वस्तू एकामागून एक लागू लागल्या तर हात मागे घ्यावा आणि कळवावे.

बॉम्बगोळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. महायुद्धातली स्फोटके अजूनही इथल्या जमिनीत मिळतात. संशय आला की खणणे थांबवून, जागा दुरून दिसेल अशी खूण करून, दूर जाऊन ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. विमानाचे अवशेष वाटले तर तेही तसेच सोडावेत. लष्करी विमानांच्या अवशेषांना १९८६ च्या कायद्याचे संरक्षण आहे.

इथवर सांगितलेले सगळे इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे आणि नवखी माणसे चुकतात ती नेमकी इथेच. सुटीत गाडीत टाकलेले यंत्र सीमा ओलांडते, पण नियम ओलांडत नाहीत. स्कॉटलंडमध्ये यंत्र चालते, मात्र पुरातत्त्वीय महत्त्वाची कोणतीही वस्तू, सोन्याची असो वा शिशाची, राजसत्तेची असते आणि ती कळवावीच लागते. उत्तर आयर्लंडमध्ये पुरावशेषांसाठी खणायला परवाना लागतो. आयर्लंड प्रजासत्ताकात तर पुरावशेष शोधण्यासाठी डिटेक्टर वापरण्यास शासनाची लेखी संमती लागते. त्यामागे एक घटना आहे : १९८० साली टिपरेरी परगण्यात डेरिनाफ्लान इथे एका बाप-लेकाने डिटेक्टरने प्राचीन मठाच्या जागी पूजेचा चषक आणि इतर पात्रे शोधून काढली, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८७ साली अशा ठेव्यावर राज्याचा हक्क मान्य झाला. फ्रान्समध्ये इतिहास किंवा पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तू शोधायला प्रशासकीय परवानगी हवी, हा नियम १९८९ पासून आहे. स्वीडनमध्ये प्रांतिक प्रशासनाची परवानगी लागते, तर शेजारच्या डेन्मार्कमध्ये शेतमालकाच्या संमतीने शोध घेता येतो, पण मौल्यवान वस्तू राष्ट्रीय संग्रहालयाकडे जातात आणि मोबदला मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर वापरणेच नव्हे, तर वापरता येईल अशा अवस्थेत जवळ बाळगणेही निषिद्ध आहे. उद्यानातून नुसते जायचे असले तरी तो सुटा करून बांधून ठेवावा लागतो. म्हणून प्रवासात माझा साधा नियम असा आहे की त्या देशाचा कायदा स्वतः वाचल्याशिवाय यंत्र घरातून हलवायचे नाही. कोणीतरी सांगितले होते, ही सबब कोणत्याही भाषेत चालत नाही.

भारतात जाताना दोन्ही बाजूंचा विचार करावा. ब्रिटनच्या मातीत मिळालेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू त्या देशाबाहेर नेण्यास, तिची किंमत कितीही कमी असली तरी, निर्यात परवाना लागतो. त्यामुळे पुतण्याला भेट म्हणून रोमन नाणे खिशात टाकून नेणे हा कायदेभंग आहे. तिकडे पोहोचल्यावरही वडिलोपार्जित शेतात यंत्र फिरवण्याचा मोह आवरावा, कारण १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आजही लागू आहे आणि जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीजवस्तू मिळाली की कलेक्टरला लेखी कळवावे लागते.

राहिला यंत्राचा प्रश्न. शेतासाठी मध्यम किमतीचे, वजनाला हलके आणि पावसात टिकणारे कोणतेही यंत्र पुरते. ओल्या खाऱ्या वाळूत मात्र एकाच वारंवारतेवर चालणारी यंत्रे उगाच आवाज करत राहतात. किनाऱ्यावर जाणार असाल तर एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र घ्यावे. पडद्यावरच्या आकड्यांवर फार विसंबू नये, कारण शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी बरेचदा एकच आकडा दाखवतात. पहिले काही महिने प्रत्येक स्पष्ट सिग्नल खणावा, तेव्हाच कान तयार होतो. विमानाने नेताना दांडा आणि कॉइल सामानात चालते, पण सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. हेडफोन, पिनपॉइंटर (खड्ड्यातली वस्तू नेमकी कुठे आहे हे दाखवणारे हातातले छोटे यंत्र), लहान फावडे आणि कमरेला दोन पिशव्या एवढे पुरे. दुसरी पिशवी कचऱ्यासाठी असते आणि ती शेताबाहेर नेऊनच रिकामी करायची असते. माझ्या पहिल्या दिवशी संध्याकाळी कमाई होती एक पितळी बटण आणि शिशाच्या दोन गोळ्या. दुसरी पिशवी मात्र गंजलेल्या खिळ्यांनी आणि तारांनी काठोकाठ भरली होती. शेतकऱ्याने बटणाकडे फारसे पाहिले नाही. त्याने ती जड पिशवी हातात तोलली आणि ओढ्याकाठचे शेतही पुढच्या आठवड्यात मोकळे होईल, असे सांगितले.