वॅन ९००१ आला म्हणून लगेच बायोसमध्ये घुसू नका भो

अमळनेरहून आतेभावाचा फोन, "भाऊ, गेम चालूच व्हस नही." व्हॅलोरंट हा शूटिंगचा गेम उघडला की वॅन ९००१ हा एरर आणि खेळ खल्लास. बरं तेवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं, पण पठ्ठ्याने एक रील बघून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंगांचं पान) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सेटिंग, डिसेबल, सिक्युअर बूट एनेबल असं धडाधड करून टाकलं, आणि आता पीसी विंडोजपर्यंत पोचतच नव्हता, चालू केला की परत बायोसमध्येच जाऊन पडायचा. घरात आत्या म्हणतेय सगळे फोटो गेले. काही गेलं नव्हतं. सीएसएम परत एनेबल करायला लावलं, विंडोज आलं, मग रविवारी भुसावळ-सुरत लाईनची गाडी पकडून मी स्वतःच गेलो.

हे गेमवाले बायोसपर्यंत का जातात ते आधी समजून घ्या, नाहीतर सेटिंगा नुसत्या पाठ कराल आणि अडकाल. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटर पकडणारं सॉफ्टवेअर, २०२० पासून कर्नलमध्ये, विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतं, विंडोज सुरू होतानाच त्याचा ड्रायव्हर लोड होतो, म्हणून तर इन्स्टॉल केल्यावर रीस्टार्ट मागतं. पण चीट विंडोजच्याही आधी घुसलं तर? कापसाला रात्रीच पाणी मारून ठेवलं तर सकाळी काट्यावर उभ्या असलेल्या माणसाला काय कळणार. म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे मदरबोर्डच बघतो की बूटलोडरवर ओळखीची सही आहे का, नसेल तर पुढे सोडत नाही. आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग बूट होताना काय काय लोड झालं त्याची नोंद ठेवतो, जी विंडोजमधून मागाहून खोडता येत नाही, वर त्याची स्वतःची एक किल्ली असते म्हणून बॅन झालेल्याला नवीन ओळख घेऊन परत येणं अवघड जातं. आता एकटं व्हॅलोरंट नाही, २०२५ मध्ये आलेले बॅटलफिल्ड ६ आणि ब्लॅक ऑप्स ७ दोघंही सिक्युअर बूट मागतात. बीजीएमआय मोबाईलवर खेळणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

आता काम. विंडोज आणि आर दाबा, एमएसइन्फो३२ टाईप करा. दोन ओळी बघायच्या, बायोस मोड आणि सिक्युअर बूट स्टेट. मोड यूईएफआय (बूट व्हायची नवी पद्धत, सिक्युअर बूट हिच्यातच चालतं) असेल तर तुमचं नशीब चांगलं, दहा मिनिटांचं काम आहे. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर तुम्ही माझ्या आतेभावाच्या गाडीत बसलात. त्याचं झालं असं की ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तर एका दुकानदाराने बायपासवाल्या (विंडोज ११ च्या अटी टाळणाऱ्या) पेनड्राईव्हने विंडोज ११ टाकून दिलं, पण डिस्कची मांडणी जुनीच, एमबीआर, आणि मोड लेगसी. पैसे पूर्ण घेतले, हे सांगितलं नाही. आणि विंडोज ११ वर व्हॅनगार्ड टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतंच.

एमबीआर डिस्कवरून यूईएफआय बूट होत नाही, सगळी गोम इथे आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क झिरोवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाईल लिहिलेलं असतं. एमबीआर दिसलं तर फॉरमॅट मारायची गरज नाही, ती नव्या जीपीटी मांडणीत बदलायचं टूल विंडोजमध्येच आहे. आधी बॅकअप घ्या, खरंच घ्या. मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा, कमांड मी फोनवर सांगतो तशीच लिहितो: एमबीआर, इंग्रजी आकडा दोन, जीपीटी हे सगळं जोडून, स्पेस, स्लॅश व्हॅलिडेट, स्पेस, स्लॅश अलाऊफुलओएस. हे फक्त तपासतं, काही बदलत नाही. पास झालं तर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट.

आतेभावाचं पास झालं नाही. व्हॅलिडेशन फेल्ड. बघतो तर दुकानदाराने डी आणि ई असे ड्राईव्ह पाडून ठेवलेले आणि ई एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये, हे टूल तसलं घेत नाही, प्रायमरी पार्टिशन पण तीनच्या वर चालत नाहीत. ई मध्ये ताईच्या हळदीचे व्हिडिओ, ९० जीबी. ते बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी होईपर्यंत आत्याने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर खाऊ घातली, त्यामुळे माझी तक्रार नाही. नंतर ई डिलीट केला, रिकामं एक्स्टेंडेड पण डिलीट केलं (हे विसरलं की परत फेल), मग कन्व्हर्ट अर्ध्या मिनिटात.

कन्व्हर्ट झाल्याबरोबर, पुढचं काही करायच्या आधी, सीएसएम डिसेबल, कारण आता लेगसीमध्ये विंडोज उघडणार नाही. एक अडचण येऊ शकते, फार जुन्या ग्राफिक कार्डात यूईएफआयचं फर्मवेअर नसतं, मग सीएसएम बंद केलं की स्क्रीन काळी. विंडोज एकदा नीट आलं की मग सिक्युअर बूट. एनेबल करूनही नॉट अॅक्टिव्ह दाखवत असेल तर किल्ल्याच भरलेल्या नाहीत, रिस्टोअर फॅक्टरी कीज किंवा तत्सम ऑप्शन शोधा, बरेच जण इथेच अडकतात.

टीपीएमसाठी वेगळी चिप विकत घेऊ नका, कोणी गळ्यात मारत असेल तरी. एएमडीला त्याचं नाव एफटीपीएम, इंटेलला पीटीटी, प्रोसेसरसोबतच येतं, फक्त बंद असतं. चालू केल्यावर टीपीएम डॉट एमएससी उघडून व्हर्जन २.० आहे ना बघा. लॅपटॉपवाल्यांनी यातल्या कशालाही हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, ४८ आकडे आहेत, कंटाळा करू नका. बायोसमध्ये बदल केला की विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा गेला समजा.

रायझनवर एफटीपीएम चालू केल्यावर गेम मध्येच क्षणभर अडखळतो अशी तक्रार खरी होती, एएमडीने २०२२ मध्ये स्वतः मान्य केली आणि बायोस अपडेटमध्ये सोडवली. पण बायोस अपडेट मे महिन्यात भर दुपारी करू नका, ४५ डिग्रीत आपल्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही आणि अर्ध्यात गेली तर बोर्ड मेला. इन्व्हर्टरवर चढवा, किंवा पहाटे करा. आणि अपडेटनंतर सेटिंगा बऱ्याचदा मूळ पदावर येतात, सगळं परत तपासा.

अजून एक, हे नवीन आहे. काही चीटर पीसीआयई स्लॉटमध्ये कार्ड लावून दुसऱ्या पीसीवरून थेट रॅम वाचतात, त्याला डीएमए म्हणतात, विंडोजमध्ये चीटचं सॉफ्टवेअर काहीच सापडत नाही. त्याला अडवतो आयओएमएमयू, बायोसमध्ये इंटेलला व्हीटी-डी. डिसेंबर २०२५ मध्ये व्हॅलोरंटवाल्या रायट कंपनीने उघड केलं की आसुस, गिगाबाईट, एमएसआय, अॅसरॉकच्या काही बोर्डांवर हे संरक्षण चालू दिसायचं पण बूटच्या सुरुवातीला खरंच चालू झालेलं नसायचं. कंपन्यांनी बायोस अपडेट दिलेत. त्यामुळे सगळं हिरवं असून व्हॅनगार्ड अडवत असेल आणि बायोस अपडेट मागत असेल तर चिडू नका, ते आरोप करत नाहीये.

कर्नलमध्ये दिवसभर कोणीतरी बसलंय हे मला पण आवडत नाही, म्हणून खेळणं झालं की घड्याळाजवळच्या लाल आयकॉनवरून व्हॅनगार्ड एक्झिट करतो. परत खेळायचं तर रीस्टार्ट लागतो, आतेभावाला तेवढा पण दम नाही, त्याचं कायम चालूच असतं.