एफएसजीएसनंतरचे प्रत्यारोपण : लघवीतील प्रथिनांवर घरी लक्ष कसे ठेवावे

मूळ मूत्रपिंडे प्राथमिक (म्हणजे दुसऱ्या कोणत्याही ज्ञात कारणाशिवाय झालेल्या) एफएसजीएस (फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस : मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांवर व्रण पडणे) या दुर्मीळ आजाराने निकामी झाली असतील, तर तोच आजार नव्या मूत्रपिंडात साधारण ३० टक्के रुग्णांमध्ये परततो आणि कधी कधी शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर (क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या तुलनेत किती प्रथिने जातात हे सांगणारा आकडा) तपासून तो कागद जपून ठेवावा. जुन्या मूत्रपिंडांतूनही प्रथिने येऊ शकतात आणि हा आकडा हाताशी नसेल, तर नंतरची प्रथिने कोणत्या मूत्रपिंडाची हे ठरवणे अवघड जाते.

घरी आल्यावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात घ्यावी, प्रथिने तपासण्याची पट्टी (डिपस्टिक) तीत क्षणभर बुडवून कडेला निथळावी आणि पट्ट्यांच्या डबीवर छापलेला वेळ संपताच भरपूर उजेडात डबीवरच्या रंगांशी रंग जुळवावा. पिवळा चौकोन हिरवट होणे म्हणजे प्रथिने असणे. लघवीत प्रथिनांमुळे येणारा फेस दिसत नाही म्हणून तपासणी टाळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तारीख, निकाल आणि वजन एकाच वहीत लिहावे.

प्रथिने वाढली, पापण्या सुजल्या किंवा वजन झपाट्याने वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे, कारण बायोप्सी (मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून तपासणे) आणि प्लाझ्माफेरेसिस (रक्तातील द्रव भाग यंत्राने वेगळा काढून बदलणे) यांचा निर्णय लांबणे मूत्रपिंडाला परवडत नाही. टॅक्रोलिमस या, शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची रक्तातील पातळी तपासण्याच्या दिवशी त्याचा सकाळचा डोस रक्त दिल्यानंतरच घ्यावा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये.