ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड कुठे ठेवावा: आत जाण्याआधी बाहेर पडून बघा

कोड कुठे ठेवू असं विचारलं की लगेच उत्तर येतं, "गिटहबवर टाक, सगळे तिथेच आहेत." (गिटहब म्हणजे कोड ठेवून त्यावर मिळून काम करायची वेबसाइट.) चूक नाही, पण अर्धवट आहे. एके काळी सगळे सोर्सफोर्ज या तशाच सेवेवर होते. गूगल कोडवरही बरेच होते. २०१५ मध्ये ती सेवा बंद होणार असं जाहीर झालं आणि २०१६ च्या जानेवारीत ती बंद झाली. बिटबकेट या आणखी एका सेवेने २०२० मध्ये मर्क्युरिअलच्या (गिटसारखंच, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) रेपॉझिटरी, म्हणजे कोडची कोठारं, काढून टाकल्या. म्हणून जागा निवडताना मी "इथे काय काय मिळतं" यापेक्षा "इथून निघताना काय काय नेता येतं" हे आधी बघतो.

१. कोण येणार ते ठरवा. अनोळखी लोकांनी येऊन दुरुस्त्या कराव्यात असं वाटत असेल तर गिटहब. बहुतेकांचं खातं तिथे आधीच असतं. ज्या सॉफ्टवेअरवर आपण बसलोय तेही मुक्त असावं, असा आग्रह असेल तर कोडबर्ग बघा. बर्लिनमधली ना-नफा संस्था ते फोर्जेजो या मुक्त सॉफ्टवेअरवर चालवते, पण जागा मुक्त परवान्याच्या प्रकल्पांसाठी आहे. ईमेलने पॅच (कोडमधल्या बदलाची फाईल) पाठवणारी मंडळी असतील तर सोर्सहट.

२. स्वतःचा सर्व्हर? नको. नोम आणि केडीई हे लिनक्स डेस्कटॉपचे मोठे प्रकल्प स्वतःचं गिटलॅब (गिटहबसारखी जागा उभी करायचं सॉफ्टवेअर) चालवतात, पण त्यांच्याकडे ते सांभाळणारी माणसं आहेत. तुमच्याकडे रात्री उठून डिस्क का भरली ते बघणारे दोघं तरी असतील तरच या वाटेला जा.

३. बाहेर पडण्याची तालीम करा. माझे हात इथेच पोळलेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

"गिट आहे ना, प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असते" (गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन) हा सल्ला मीही मान डोलावून ऐकला होता. मग आमची पहिली होस्टिंग सेवा बंद झाली. कोड एका संध्याकाळीत हलला आणि मी खूश होतो. पुढच्या आठवड्यात एका विचित्र ओळीचा इतिहास शोधायला गेलो, तर कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात एवढंच: "#१४२ दुरुस्त". १४२ काय होतं? ती चर्चा जुन्या जागेबरोबर गेली होती. त्याहून वाईट म्हणजे नव्या जागी इश्यूंचे (नोंदवलेल्या तक्रारी-चर्चांचे) क्रमांक १ पासून सुरू झाले. काही महिन्यांनी तिथेही १४२ वा इश्यू आला आणि जुन्या कमिटमधला दुवा थेट त्यावर जाऊ लागला. दुवा तुटलेला असता तर निदान कळलं असतं. हा चुकीच्या ठिकाणी नेत होता.

तेव्हापासून नवी जागा पक्की करण्याआधी मी एक खोटा प्रकल्प उघडतो. त्यात दोन इश्यू, एक पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्या अशी विनंती), एक लेबल, एक रिलीज. मग तो दुसरीकडे हलवून बघतो. नुसता गिटचा पत्ता देऊन आयात केलीत तर फक्त कोड येतो. इश्यू हवे असतील तर त्या सेवेसाठीचा खास आयातक टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) देऊन वापरावा लागतो. आल्यावर तीन गोष्टी तपासा: क्रमांक तेच आहेत का, टिप्पण्यांवर मूळ लेखकांची नावं आहेत की सगळं तुमच्याच नावावर जमा झालंय, आणि चिकटवलेली चित्रं नव्या जागेवरून उघडतात की अजून जुन्याच सर्व्हरवरून.

कोडसाठी क्लोनला (प्रत उतरवताना) मिरर पर्याय लावा, म्हणजे हुबेहूब प्रत मिळते; नाहीतर पुढे ढकलताना सगळ्या ब्रँच (कोडच्या समांतर फांद्या) जात नाहीत. गिटहबवरून घेतलेला मिरर गिटहबच्याच दुसऱ्या रेपोवर ढकलला की "छुपा रेफ" म्हणून लाल ओळींचा पाऊस पडतो. ते पुल रिक्वेस्टचे रेफ (गिटमधल्या खुणेची नावं) असतात. ब्रँच आणि टॅग पोचलेले असतात, घाबरू नका. एलएफएसच्या (गिटमध्ये मोठ्या फायली वेगळ्या ठेवायची सोय) फायली मात्र मिररमध्ये येतच नाहीत, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या चिठ्ठ्या येतात. त्या वेगळ्या आणा.

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहीत असाल तर अजून एक खड्डा: दुसऱ्याचा कोड वापरायला घेणाऱ्या आयातीच्या ओळीतच होस्टचं, म्हणजे कोड ठेवलेल्या सेवेचं, नाव असतं. जागा बदलली की ते वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कोडमध्ये बदल. पहिल्या दिवशीच स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्या. नंतर करू म्हणालात तर होत नाही, मी म्हणून बघितलंय.

आणि कमिटच्या संदेशात नुसता क्रमांक लिहिणाऱ्याला मी आता परत पाठवतो. काय बिघडलं होतं ते एका वाक्यात तिथेच लिहा.

४. सीआय, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप होणारी बांधणी आणि चाचणी. बिल्डच्या (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याच्या) पायऱ्या एका शेल स्क्रिप्टमध्ये ठेवा, म्हणजे जागा बदलली तरी त्या तुमच्याबरोबर येतात. होस्टच्या सीआय फाईलमध्ये फक्त ती चालवा.

५. मालक. प्रकल्प संस्थेच्या खात्यावर, मालक किमान दोघे, दोघांकडे आपापले रिकव्हरी कोड (लॉगिन अडलं तर खातं परत मिळवायचे).

६. दुसऱ्या सेवेवर रोज आपोआप मिरर, आणि त्याचा पत्ता रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाईलमध्ये). वर्षातून एकदा त्या मिररवरून क्लोन करून बिल्ड करा. आमचा मिरर पाच महिने थांबलेला होता, कारण टोकनची मुदत संपली होती.