क्लाउड होस्टिंगच्या दस्तऐवजात सुधारणा कशी सुचवावी

अनेक क्लाउड होस्टिंग प्लॅटफॉर्मचे तांत्रिक दस्तऐवज गिट रिपॉझिटरीत (बदलांचा इतिहास जपणाऱ्या फाइल-संग्रहात) खुले असतात, त्यामुळे कोणताही डेव्हलपर त्यांत दुरुस्ती सुचवू शकतो. सुरुवात नव्या प्रकरणाने न करता, जिथे आपण स्वतः अडलो त्या पानापासून करावी.

समजा, अ‍ॅप आपल्या संगणकावर नीट चालते, पण डिप्लॉय केल्यावर, म्हणजे होस्टिंगवर चढवल्यावर, ५०२ (बॅड गेटवे) ही त्रुटी येते. पुष्कळदा सर्व्हर १२७.०.०.१ या, फक्त आतूनच पोहोचता येणाऱ्या पत्त्यावर ऐकत असतो आणि कंटेनरबाहेरून (अ‍ॅप ज्या वेगळ्या कप्प्यात चालते त्याच्या बाहेरून) आलेली विनंती तिथे पोहोचूच शकत नाही. अशा वेळी ‘०.०.०.० वर बाइंड करा’ (म्हणजे सर्व पत्त्यांवर ऐका) एवढे लिहून थांबू नये. त्रुटीचा संदेश जसाच्या तसा द्यावा, कारण लोक शोधतात तो संदेशच, मग कारण सांगावे आणि पोर्ट क्रमांक कोडमध्ये पक्का न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) वाचणारी ओळ दाखवावी. प्रत्येक पायरी कोऱ्या प्रोजेक्टवर चालवून पाहावी. जुन्या प्रोजेक्टवर सगळेच चालते, कारण निम्मी सेटिंग्ज आधीच झालेली असतात.

उदाहरणात खरा पासवर्ड किंवा एपीआय की (सेवा वापरण्यासाठीची गुप्त किल्ली) कधीही नसावी. ती चुकून गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पुसून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात ती राहतेच. म्हणून ती तत्काळ रद्द करावी. नमुन्याचा आयपी पत्ता हवा असल्यास १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हे पत्ते दस्तऐवजांसाठीच राखीव आहेत.

एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) एकच विषय ठेवावा, आणि बदल कोणत्या आवृत्तीवर तपासला हे वर्णनात नमूद करावे.